साहेब राजीनामा घेतच नाहीत, मग?

ताई,
मी चाकणला एका ऑटो कंपोनंट कंपनीत क्वालिटीला आहे. २ ऑगस्ट २०२१ ला लागलो. पगार बावन्न हजार, त्यात बेसिक सव्वीस. आईवडील नाशिकजवळ ओझरला, बायकोचं माहेर सिन्नरला, आणि आता नाशिकच्याच सातपूरच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय. त्यांना मी १ जुलैला हवा आहे. इथे नोटीस नव्वद दिवसांची. बायकोला डॉक्टरांनी १० जुलैची तारीख दिली आहे, पहिलीच वेळ आहे. मागच्या आठवड्यात चहा घेताना साहेबांच्या कानावर घातलं. म्हणाले, "सप्टेंबरात आयएटीएफचं (ऑटो उद्योगातल्या गुणवत्ता मानकाचं) ऑडिट आहे. तोवर मी तुझा राजीनामा घेतच नाही, आणि तसाच गेलास तर अब्स्कॉण्ड दाखवीन." दुसऱ्या दिवशी बोलावून आठ हजार वाढवतो म्हणाले. लॉकडाउननंतर कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा याच माणसाने मला घेतलं होतं, त्यामुळे खाल्ल्या मिठाला जागलो नाही असं वाटतं. एचआरच्या मॅडम म्हणतात, घाई असेल तर अर्ली रिलीव्हिंगचा अर्ज दे, उरलेल्या दिवसांचे पैसे कापून जूनअखेर मोकळं करू. इथल्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये एक कलम असंही आहे की सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या ऑटो कंपनीत जायचं नाही. रात्री झोप लागत नाही. काय करू?
– एक वाचक, चाकण

तुमच्या पत्रात तीन तारखा आहेत: १ जुलै, १० जुलै आणि २ ऑगस्ट. तिन्ही तुम्ही वेगवेगळ्या वाक्यांत लिहून गेलात, शेजारी शेजारी मांडून पाहिल्या नाहीत. साहेबांच्या रागाकडे नंतर वळू, आधी या तारखा बघू.

२ ऑगस्ट २०२१ ला लागलात, म्हणजे यंदाच्या १ ऑगस्टला तुमची पाच वर्षं पुरी होतात आणि ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. हिशेब असा: शेवटचं बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुमचं बेसिक सव्वीस हजार, म्हणजे एका वर्षाचे पंधरा हजार आणि पाच वर्षांचे पंचाहत्तर हजार. आता मॅडमनी सुचवलेला रस्ता पाहा. समजा येत्या सोमवारी, १८ मेला राजीनामा दिलात आणि ३० जूनला सुटलात. नव्वदातले ४३ दिवस भरतात, ४७ उरतात. ते ग्रॉसवर, म्हणजे पूर्ण पगारावर, कापले तर ऐंशी हजारांच्या घरात जातात, बेसिकवर कापले तर चाळीस हजार. लेटरमध्ये काय लिहिलंय ते आजच काढून बघा. नुसतं 'वेतन' असेल तर अकाउंट्सवाले ग्रॉसच धरतात. म्हणजे दीड महिना आधी सुटण्यासाठी तुम्ही दीड लाखावर पाणी सोडणार, आणि वर अर्ज तुमच्याच सहीचा.

मॅडम वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मी त्याच खुर्चीत बसून निवृत्त झाले. राजीनामा द्यायला निघालेल्या माणसाचं घोडं लवकर गंगेत न्हालं की एचआरला बरं वाटतं, एवढंच. पाच वर्षांना अडीच महिने उरलेत हे तुम्ही विचारल्याशिवाय कुणी आपण होऊन सांगत नाही.

जाणकार सहकारी तुम्हाला सांगतील की चार वर्षं आणि २४० दिवस झाले तरी ग्रॅच्युइटी मिळते. मद्रास उच्च न्यायालयाने तसा निकाल दिलेला आहे आणि काही कंपन्या तो पाळतातही. बऱ्याच पाळत नाहीत, "पाच म्हणजे पाच" म्हणतात, मग लेबर ऑफिसच्या पायऱ्या आल्या. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात वर्षभरावर ग्रॅच्युइटी मिळते ती ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना. तुम्ही कायम आहात, तुम्हाला पाच वर्षंच. नोटीस पूर्ण केली तर हा वाद उद्भवतच नाही. ज्या नव्वद दिवसांचा तुम्हाला जाच वाटतोय, तेच तुम्हाला १ ऑगस्टच्या पलीकडे नेऊन सोडतात.

दुसरी तारीख १० जुलै. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंतच असतो. ३० जूनला सुटलात तर बाळंतपण जुन्या पॉलिसीतून गेलं. नव्या कंपनीत १ जुलैला रुजू झालात तरी तुमचं आणि बायकोचं नाव त्यांच्या पॉलिसीत कोणत्या तारखेपासून चढतं, मॅटर्निटी पहिल्या दिवसापासून आहे की नाही, याचा भरवसा दहा दिवसांत कोण देणार? दिवस आधी भरले तर तेवढाही वेळ नाही. म्हणून जुलैभर तुम्ही चाकणच्याच हजेरीत असलेलं बरं.

पहिलं बाळंतपण म्हणजे त्या माहेरी, सिन्नरला जाणार असतील. तर मग आजच टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या संस्थेच्या) यादीत नाशिक-सिन्नरची कोणती हॉस्पिटलं कॅशलेसला आहेत ते पाहून घ्या. यादीतलं सोयीचं नसेल तर बिल आधी स्वतः भरून नंतर क्लेम करावा लागेल. तेव्हा मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट असं सगळं एका पाकिटात ठेवा आणि जुलै संपायच्या आत एचआरकडे पोच घेऊन द्या. शेवटच्या दिवशी तुमचा लॉगिन बंद होतो आणि मग तोच क्लेम ढकलायला बाहेरून फोनवर फोन करावे लागतात. मॅटर्निटीला वेगळी कमाल मर्यादा असते, तीही विचारून ठेवा. बाळाचं नाव पॉलिसीत घालायची मुदतही विचारा, ती बहुधा थोड्या दिवसांचीच असते आणि त्या धावपळीत नेमकी विसरली जाते. नोटिशीत रजा घेतली तर तेवढे दिवस शेवटची तारीख पुढे ढकलतात, असा काही कंपन्यांचा नियम असतो. बाळंतपणाच्या चार-पाच दिवसांच्या रजेबद्दल आत्ताच लेखी विचारून घ्या.

म्हणजे पहिला फोन साहेबांना नाही, सातपूरला. त्यांना सांगा: माझी नोटीस ९० दिवसांची आहे, मी सोमवार १७ ऑगस्टला रुजू होतो, कृपया सुधारित तारखेचं ऑफर लेटर पाठवा. घाबरू नका. ऑटोच्या धंद्यात तीन महिन्यांची नोटीस सगळ्यांच्या ओळखीची आहे. त्यांच्याच लेटरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर बघा, तुमच्याकडूनही ते बहुतेक नव्वदच मागत असतील. १ जुलै ही त्यांनी घातलेली पहिली बोली आहे. अगदीच हटून बसले तर मध्यम मार्ग आहे: ३ ऑगस्टपर्यंत इथे, ४ ला तिथे. मग कापले गेलेच तर बारा-तेरा दिवसांचे पैसे जातील, पाच वर्षं तर झालेली असतील. ते बारा-तेरा दिवस त्यांनी भरून द्यावेत असंही विचारा, घाई त्यांना आहे. तारखेचं सुधारित पत्र ईमेलवर पडेपर्यंत इथला राजीनामा द्यायचा नाही. फोनवरचं "हो, हो, चालेल" धरून नोकरी सोडलेली माणसं मी दोन्हीकडून रिकाम्या हाताने फिरताना पाहिली आहेत.

आता राजीनामा. चहाच्या टपरीवर साहेबांना जे सांगितलंत तो राजीनामा नव्हे. त्याची तारीख नाही, पुरावा नाही, नव्वद दिवसांतला एकही दिवस त्याने मोजायला सुरुवात केलेली नाही. मेल लिहा, चार ओळींची. मी आज १८ मे २०२६ रोजी पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातल्या अमुक कलमाप्रमाणे ९० दिवसांची नोटीस पूर्ण करीन. माझा शेवटचा दिवस १६ ऑगस्ट २०२६. कामाची सोपवणूक कशी करायची ते कळवावं. बस. कारणं, खंत, आभाराची दोन पानं, काही नको. आभार मानायचे ते समोर बसून माना. मेल साहेबांना, प्रत एचआरला, आणि एक गुप्त प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर. १६ ला रविवार आहे, १५ ला झेंडावंदन, तेव्हा एचआर १४ तारीख धरू म्हणेल. धरू द्या, पाच वर्षं तोवर झालेली असतील. पण मेल गेल्यावर कुणी "तू पुढच्या आठवड्यापासून येऊ नकोस" म्हणालं, तर ते कंपनीकडून लेखी घ्या आणि नोटिशीचा पगार मागा. तुमच्या सहीने 'माझ्या विनंतीवरून लवकर मुक्त करावे' असा कागद मात्र कुणी कितीही गोड बोललं तरी देऊ नका. सगळा खेळ त्या 'माझ्या विनंतीवरून'मध्ये असतो.

साहेब "घेतच नाही" म्हणतात त्याचं काय? सरकारी नोकरीत राजीनामा मंजूर व्हावा लागतो. तुमच्यासारख्या खासगी नोकरीत लेटरमध्ये तशी वेगळी अट नसेल आणि तुमच्यावर कसली चौकशी चालू नसेल, तर करारातली मुदत भरली की नोकरी संपते. साहेबांच्या सहीवाचून ती लांबत नाही. ऑडिट सप्टेंबरात असो की दिवाळीत. मनाविरुद्ध कुणाला नोकरीवर डांबून ठेवा असा हुकूम कोर्ट देत नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं १४ वं कलम त्यासाठीच आहे. कंपनी फार तर नुकसानभरपाई मागू शकते, आणि नव्वद दिवस पूर्ण भरलेल्या माणसाकडे ती कशाची मागणार?

अब्स्कॉण्ड म्हणजे न सांगता गायब झालेला. ज्याची मेल एचआरकडे आहे, ज्याचा हजेरीचा पंच रोज पडतोय, त्याला अब्स्कॉण्ड दाखवणं साहेबांनाच महागात पडेल. तरी आठवड्याभरात मेलला उत्तर आलं नाही तर त्याच मेलखाली 'शेवटची तारीख १६ ऑगस्ट धरून काम सोपवायला सुरुवात करत आहे' असं एक वाक्य लिहून पुन्हा पाठवा. भांडू नका, फक्त तारखांचा माग ठेवा. पुढे नव्या कंपनीकडून बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन येईल तेव्हा रिलीव्हिंग लेटर अडवून धरलेलं असलं, तरी ही मेलसाखळी आणि पगाराच्या स्लिपा कामाला येतात. स्लिपा, लेटर, इन्क्रिमेंटची पत्रं आत्ताच घरच्या मेलवर घ्या, ती तुमची आहेत. ड्रॉइंग, कस्टमरचे रिपोर्ट, रेट यांतलं एक पानही घेऊ नका. ते कंपनीचं आहे, आणि साहेबांच्या हाती आयतं कोलीत जाईल.

दोन वर्षं ऑटो कंपनीत जायचं नाही हे कलम वाचून झोप घालवू नका. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या २७ व्या कलमाप्रमाणे नोकरी सुटल्यानंतर पोटापाण्याचा धंदा करू नको म्हणणारा करार चालत नाही. गोपनीयतेची अट मात्र चालते, म्हणून तर वर ड्रॉइंगचं लिहिलं. आणि बाँड ही तिसरीच गोष्ट. ठरावीक वर्षांआधी सोडलं तर रक्कम भरायची ही अट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात वैध धरली. तिथे तीन वर्षं आणि दोन लाख होते. तुम्ही बाँडचं काही लिहिलं नाहीत, पण एखाद्या ट्रेनिंगला पाठवताना सही घेतली होती का, आठवून पाहा.

सुटल्यानंतरचं थोडक्यात. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. कंपन्यांची जुनी सवय महिना-दीड महिन्याची, ती इतक्यात जाणार नाही, पण तुम्ही नियमाचा उल्लेख करून मागा. ग्रॅच्युइटीला तीस दिवस. नोटिशीच्या वसुलीवर जीएसटी लावला तर ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक दाखवा, तो लागत नाही. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नव्या कंपनीत वळवून घ्या. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, त्यातली तुमची पाच इथे झालेली असतील आणि पेन्शनची रक्कमही काढलीत तर ती मोजणी पुन्हा शून्यावर येते. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख पोर्टलवर भरली नाही, तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी तुम्हाला ती स्वतः भरता येते.

उरले साहेब आणि ते आठ हजार. आठ हजारांचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. ओझर, सिन्नर, येऊ घातलेलं बाळ. पगार कमी म्हणून जातोय असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही, मग पगार वाढवून ते कारण कसं मिटेल? शिवाय असे थांबवण्यासाठी दिलेले पैसे पुढच्या एप्रिलच्या इन्क्रिमेंटमधून कसे वळते करून घेतले जातात, ते मी फायलींत भरपूर पाहिलं आहे. साहेबांना तसं तोडून सांगू नका. "साहेब, पैशांचं नाही, घरचं आहे" एवढंच म्हणा. ते खरंही आहे.

मिठाचं म्हणाल तर तुम्हाला नोकरी देऊन त्यांनी उपकार केले यात शंका नाही. पाच वर्षं रिजेक्शनचे फोन घेऊन, रात्री-अपरात्री कस्टमरच्या लाइनवर सॉर्टिंगला उभं राहून तुम्ही ते फेडत आलात, यातही नाही. पुढचे तीन महिने मात्र मनापासून द्या, कारण क्वालिटीचा माणूस अर्धवट सोडून गेला की काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

एक फाइल करा, कागदाची. कोणतं गेज कोणत्या तारखेला कॅलिब्रेशनला ड्यू आहे. कोणत्या कस्टमरची एट-डी (तक्रारीवरच्या उपायांचा अहवाल) उघडी आहे, त्यात कोणती कृती बाकी आहे, कुणाकडे. कोणता पीपॅप (पार्टची कस्टमरकडची मंजुरी) अडकलाय आणि का. सीएमएमवरचे (मापं घेणाऱ्या यंत्रावरचे) कोणते प्रोग्राम फक्त तुम्हालाच कळतात. आणि जे कोणत्याही कंट्रोल प्लॅनमध्ये नसतं तेही लिहा: अमक्या पार्टचा बोअर पावसाळ्यात का बिघडतो, तमक्या कस्टमरच्या इन्स्पेक्टरला रिपोर्ट कोणत्या क्रमाने लागतात. मेल टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेबांकडे जा आणि सांगा की जुलैअखेरपर्यंत इंटर्नल ऑडिट मी करून देतो, त्यातल्या नॉनकन्फॉर्मिटी, म्हणजे त्रुटी, बंद करून जातो, माझ्या जागी येणाऱ्याला दोन आठवडे शेजारी बसवा. माणूस कधी देणार ते विचारा आणि ती तारीख मेलवर टाका. जूनभर माणूसच दिला नाही तर तो उशीर तुमच्या खात्यावर पडायला नको.

पहिले दोन आठवडे ते बोलणार नाहीत, मीटिंगमध्ये टोमणा मारतील. मारू द्या. हातात ती फाइल पडली की आवाज खाली येईल. कँटीनमध्ये सातपूरचा पगार कुणालाही सांगू नका, जवळच्या मित्रालाही नाही. आणि सप्टेंबरात ऑडिटच्या दिवशी साहेबांचा फोन आलाच तर उचला, कुठला रेकॉर्ड कोणत्या कपाटात आहे ते सांगा. रजा टाकून चाकणला धावू मात्र नका, त्या दिवशी तुमचा पंच सातपूरला पडलेला हवा.